साधी सर्दी की धाप? तान्ह्या बाळाचा श्वास मोजायला शिका

प्रतिनिधी

अहिल्यानगर : जानेवारी २०२५च्या पहिल्या आठवड्यात बंगळुरूमधील दोन तान्ह्या बाळांच्या तपासणीत ‘एचएमपीव्ही’ अर्थात ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस आढळल्याची बातमी आली आणि पाहता पाहता राज्यभर चिंतेचे सावट पसरले. करोनाच्या आठवणी ताज्या असल्याने पालकांची घाबरगुंडी उडणे स्वाभाविकच होते. वस्तुतः हा विषाणू नवा नव्हता. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००१ मध्ये तो जगासमोर आणला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये भारतातील बालकांमध्ये तो आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे जवळपास दोन दशके तो आपल्यातच वावरत होता. गंमत अशी की, ज्या आजारामुळे हा विषाणू तान्ह्या बाळांना रुग्णालयापर्यंत नेतो, त्या आजाराचे नाव मात्र त्या गदारोळात फारसे कोणी घेतले नाही. त्या आजाराचे नाव आहे ब्राँकिओलायटिस, म्हणजेच सूक्ष्म श्वासनलिकांचा दाह.

एक वर्षाच्या आतील बाळांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक कारण आहे. बहुतेक बाळे घरच्या घरी बरी होतात. थोड्यांना प्राणवायूची गरज भासते, तर काहींचा जीव वेळ दवडल्यामुळे जातो. त्यामुळे विषाणूचे नाव कोणते, यापेक्षा कोणत्या बाळाला धोका अधिक आणि दवाखाना नेमका कधी गाठायचा, हे पालकांना ठाऊक असणे अधिक मोलाचे आहे.

नळी इवलीशी, अडथळा मोठा

श्वासनलिका फुप्फुसात शिरल्यावर झाडाच्या फांद्यांप्रमाणे तिला शाखा फुटत जातात. या शाखांच्या शेवटच्या, अतिशय बारीक नळ्यांना ब्राँकिओल म्हणतात. विषाणू प्रथम नाकात आणि घशात वाढतो, दोन-तीन दिवसांत खाली उतरतो आणि या नळ्यांचे अस्तर सुजवतो. मृत पेशी आणि चिकट स्राव यांनी नळी आतून भरू लागते.

मोठ्या माणसाला अशा सुजेचा पत्ताही लागत नाही. तान्ह्या बाळाची नळी मुळातच इतकी बारीक असते की, थोडीशी सूजही तिचा मार्ग अडवते. भौतिकशास्त्राच्या नियमानुसार नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेच्या प्रवाहाला होणारा विरोध सुमारे सोळा पटींनी वाढतो. आत गेलेली हवा बाहेर पडताना अडकते आणि घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. श्वास ओढण्यासाठी बाळाला पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू वापरावे लागतात. आपल्याकडे आजीबाई ‘बाळाचं पोट उडतंय’ म्हणतात, ते हेच. श्वास घेण्यातच शक्ती खर्च होत असल्याने बाळ दूध ओढेनासे होते. दूध कमी झाले की पाणी कमी पडते, थकवा वाढतो आणि श्वास आणखी अवघड होतो. हे दुष्टचक्र वेळीच तोडणे हाच उपचाराचा गाभा आहे.

न्यूमोनियात प्रामुख्याने फुप्फुसातील वायुकोशांना संसर्ग होतो, तर ब्राँकिओलायटिसमध्ये त्या आधीच्या नळ्या अडतात. दम्याशीही या आजाराची गल्लत होते. मात्र पहिल्या वर्षातील बाळाला सर्दीपाठोपाठ पहिल्यांदाच घरघर सुरू झाली, तर ती बहुधा या विषाणूजन्य आजाराची असते.

विषाणू अनेक, म्होरक्या एक

या आजाराला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूंमध्ये पहिला क्रमांक ‘आरएसव्ही’ म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरसचा लागतो. साथीच्या मोसमात दाखल होणाऱ्या निम्म्याहून अधिक बाळांमध्ये साधारणपणे तोच सापडतो. तो १९५६ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये प्रथम आढळला आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आजारी बालकांच्या नमुन्यांतून वेगळा केला. वयाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला या विषाणूचा संसर्ग होऊन गेलेला असतो.

त्याखालोखाल क्रमांक लागतो तो साध्या सर्दीसाठी प्रसिद्ध असलेल्या ऱ्हायनोव्हायरसचा. एचएमपीव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, अॅडिनोव्हायरस, इन्फ्लुएन्झा, बोकाव्हायरस आणि विविध करोनाविषाणू हे उरलेले मानकरी. काही बाळांच्या नमुन्यात एकाच वेळी दोन-तीन विषाणू सापडतात.

उत्तर भारतात आरएसव्हीचा जोर प्रामुख्याने हिवाळ्यात असतो. महाराष्ट्रात मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धापासूनच रुग्ण वाढू लागतात. खोकल्या-शिंकण्यातून उडणारे तुषार आणि विषाणू लागलेले हात ही संसर्गाची मुख्य वाट. खेळणी, पाळण्याची दांडी, भांडी अशा टणक पृष्ठभागावर हा विषाणू काही तास तग धरतो. घरात येतो तो बहुधा अंगणवाडीत किंवा शाळेत जाणाऱ्या थोरल्या भावंडाबरोबर. थोरल्याची दोन दिवसांची सर्दी धाकट्याच्या जिवावर बेतते, ती अशी.

जगभरातील अभ्यास एकत्र करून ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे ३ कोटी ३० लाख बालकांना आरएसव्हीमुळे श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचा आजार झाला. त्यांपैकी ३६ लाखांना दाखल करावे लागले. या विषाणूमुळे झालेले मृत्यू सुमारे १ लाख १ हजार ४०० होते. त्यांपैकी रुग्णालयात झालेले मृत्यू केवळ २६ हजार ३००. याचा अर्थ, चारपैकी सुमारे तीन बालके रुग्णालयाबाहेर दगावली आणि त्यांतील बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती. एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे सहा महिन्यांखालील बाळांचे होते.

आपल्या राज्यातही या प्रश्नाचा मागोवा घेतला गेला आहे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात ९३ आदिवासी गावांमधील दोन वर्षांखालील बालकांचा २०१६ पासून दोन वर्षे पाठपुरावा करून, आरएसव्हीमुळे गावपातळीवर किती मृत्यू होतात याचा अभ्यास करण्यात आला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ रुग्णालयांच्या नोंदी मोजल्या, तर घरीच दगावणारी बाळे हिशेबात येत नाहीत, हाच अशा अभ्यासामागचा विचार.

दाखल करण्याची वेळ कोणावर?

सर्वांत मोठा धोका असतो तो वयाचा. तीन महिन्यांखालील बाळात, विशेषतः पहिल्या सहा-आठ आठवड्यांत, हा आजार झपाट्याने वाढू शकतो. इतक्या लहान बाळांत कधी कधी खोकला-घरघर यांऐवजी श्वास मध्येच थांबणे हेच पहिले लक्षण असते.

दुसरा धोका अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेमार्गे मोठ्या प्रमाणावर बाळाकडे जातात. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी पुरेशी मिळत नाही आणि त्याची फुप्फुसेही अपरिपक्व असतात. जन्मतः कमी वजन, हृदयात छिद्र किंवा अन्य जन्मजात हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, डाऊन सिंड्रोम, स्नायूंचे दौर्बल्य, प्रतिकारशक्तीचा अभाव आणि कुपोषण यांमुळेही दाखल होण्याची शक्यता वाढते.

तिसरा गट घरातील परिस्थितीचा. आईचे दूध न मिळणे, घरात विडी-सिगारेट ओढली जाणे, चुलीचा धूर, एकाच खोलीत अनेकांचा वावर आणि शाळकरी भावंडे ही त्यातील ठळक कारणे.

असे असले तरी एक गोष्ट विसरता कामा नये. रुग्णालयात दाखल होणारी बहुसंख्य बाळे ही पूर्ण दिवसांची आणि त्याआधी ठणठणीत असलेलीच असतात. ‘आमचं बाळ गुटगुटीत आहे, त्याला काही होत नाही,’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. जोखमीच्या बाळाकडे अधिक लक्ष द्यावे, पण लक्षणे मात्र प्रत्येक बाळाची पाहावीत.

उसाच्या फडातील तान्हुले

सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचा आणि १४ तालुक्यांचा हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. २०२४ मध्ये त्याचे नाव अहमदनगरवरून अहिल्यानगर झाले, तरी त्याची अंतरे तेवढीच राहिली. अकोले तालुक्यातील डोंगराळ आदिवासी गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे, तर शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. नगरचे जिल्हा रुग्णालय, विळद घाटातील आणि लोणी येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये ही मोठी केंद्रे असली, तरी धाप लागलेल्या बाळासाठी प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

त्यातच हा साखरेचा जिल्हा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात. बीडसारख्या शेजारच्या जिल्ह्यातील टोळ्या नगरच्या कारखान्यांवर येतात. पुढचे काही महिने मुक्काम असतो तो कोपीत. ऐन थंडी, दारातली पाचटाची चूल, चार हातांच्या जागेत सगळे कुटुंब आणि पहाटेच कोयता घेऊन फडात जाणारी आई. बाळ बांधावर झोळीत किंवा सात-आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर. स्तनपानाच्या वेळा चुकतात. वर सांगितलेल्या जोखमीच्या यादीतील अनेक गोष्टी येथे एकाच छपराखाली नांदतात.

नेमक्या याच काळात आरोग्य यंत्रणेशी असलेला धागा तुटण्याची भीती असते. आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी ४२ व्या दिवसापर्यंत ठरावीक भेटी देते. नंतरच्या ठरलेल्या गृहभेटी तिसऱ्या महिन्यापासून, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने होतात. मधल्या नाजूक काळात आरोग्य कर्मचाऱ्याची गाठ पडते ती प्रामुख्याने दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाला. स्थलांतरित कुटुंबाची ही लसीकरणाची तारीख चुकली, तर लसीबरोबरच बाळाला कोणी जाणत्या नजरेने पाहण्याची संधीही हुकते. मुक्कामाच्या गावातील उपकेंद्रात आपल्या बाळाचे लसीकरण कार्ड दाखवून लस घेता येते, ही माहिती म्हणूनच प्रत्येक कोपीपर्यंत पोहोचायला हवी. मुकादम, कारखाना आणि ग्रामपंचायत यांनी मनावर घेतले तर हे काम अवघड नाही.

गावातील सामान्य बाई प्रशिक्षणानंतर काय करू शकते, याचा वस्तुपाठ याच जिल्ह्यातील जामखेडने घालून दिला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि फारसे शिक्षण नसलेल्या महिलांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार केले. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ असलेला अर्भकमृत्यू दर १९९०च्या दशकात विशीच्या आसपास आला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांना बालकांचा श्वास मोजायला शिकवले. तेथील गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ५४ टक्के कमी असल्याचे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. श्वास मोजण्यासाठी हवे होते ते फक्त घड्याळ आणि नजर.

धुरी, बिब्बा आणि नाकात तेल

शहर असो वा खेडे, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची आणि न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत आहे. त्यामागील माया खरी असली, तरी धूर हा सुजलेल्या श्वासनलिकांचा शत्रूच. ऊब हवी असेल, तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणे, टोपी-मोजे घालणे आणि कोरडे ठेवणे हा सुरक्षित मार्ग. कमी वजनाच्या बाळासाठी तर ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून डॉक्टरही तोच सांगतात.

सर्दी झाली म्हणून नाकात तेल सोडणे त्याहून घातक. हे तेल फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होऊ शकतो. पोट उडू लागले की बिब्बा घालणे किंवा चटके देणे, यामुळे बाळाच्या यातना वाढतात आणि दवाखान्यात पोहोचण्याचा मोलाचा वेळ वाया जातो.

शहरी पालकांचे चुकते ते दुसऱ्या टोकाला. औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणणे किंवा मागच्या वेळचे उरलेले प्रतिजैविक पुन्हा देणे, हे सर्रास घडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने बालकांचे बळी घेतल्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे स्पष्टपणे बजावले. भेसळीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी या वयात या औषधांचा उपयोग नाही.

औषध नव्हे, आधार

आजार विषाणूचा असल्याने प्रतिजैविकांचा त्यावर परिणाम होत नाही. वाफाऱ्याच्या यंत्रातून दिली जाणारी दम्याची औषधे आणि स्टेरॉइड यांचाही या आजारात सरसकट फायदा होत नसल्याचे अभ्यासांतून दिसून आले असून, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांचा नेमाने वापर करू नये, असे सांगितले आहे. प्रत्येक बाळाच्या छातीचा एक्स-रे काढण्याचीही गरज नसते.

मग रुग्णालयात करतात काय? रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहतात आणि कमी असल्यास प्राणवायू देतात. नाक स्वच्छ करतात. दूध ओढता येत नसेल, तर नळीवाटे दूध किंवा शिरेवाटे द्रव देतात. श्वास फारच अवघड झाल्यास दाबाने हवा पुरवणारी यंत्रणा वापरली जाते. सूज ओसरेपर्यंत बाळाला तगवून धरणे, हाच खरा उपचार. आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसात शिगेला पोहोचतो आणि नंतर उतरतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

येथे एक खबरदारी सांगायला हवी. न्यूमोनिया आणि ब्राँकिओलायटिस यांतील फरक पालकांना घरी ओळखता येत नाही. उपकेंद्रातही तो सहज कळत नाही. त्यामुळे जलद श्वास पाहून आरोग्य सेविकेने राष्ट्रीय कार्यक्रमानुसार दिलेले औषध पालकांनी स्वतःच्या मनाने बंद करू नये. आपल्या मनाने सुरूही करू नये.

लसीची प्रदीर्घ वाट

आरएसव्हीविरोधी लसीचा इतिहास वेदनादायक आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत मृत विषाणूपासून केलेल्या लसीच्या चाचणीत लस घेतलेल्या बाळांनाच नंतर तीव्र आजार झाला आणि दोन बाळे दगावली. त्यानंतर हे संशोधन अनेक वर्षे मागे पडले. पेशीत शिरण्यापूर्वी विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाची नेमकी रचना कशी असते, हे २०१३ मध्ये उलगडले आणि कोंडी फुटली. २०२३ मध्ये अमेरिकेत दोन उपायांना मान्यता मिळाली. एक, गरोदर मातेला शेवटच्या तिमाहीत द्यायची लस, जिच्यामुळे आईची प्रतिपिंडे बाळाला मिळतात. दुसरा, थेट बाळाला द्यायचे निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंडाचे एकच इंजेक्शन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सर्व देशांना यांपैकी एक उपाय स्वीकारण्याची शिफारस केली आहे.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात हे उपाय अद्याप समाविष्ट नाहीत. त्यामुळे जोखमीच्या बाळाच्या पालकांनी बालरोगतज्ज्ञांना आणि गर्भवतींनी प्रसूतितज्ज्ञांना त्याबाबत विचारावे. इतरांसाठी हात धुणे, पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, धूरमुक्त घर आणि सर्दी झालेल्या पाहुण्याला ‘बाळाला नंतर घ्या’ असे सांगण्याचा थोडा वाईटपणा, हीच लस.

घड्याळ घ्या, श्वास मोजा

बाळ शांत किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, तर दोन ते बारा महिन्यांच्या बाळात ५० किंवा अधिक श्वास हे जलद श्वासाचे लक्षण आहे. लहान बाळाचा आकडा जास्त आला, तर खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजावे.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी थांबू नये :

- श्वास जलद होणे, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाणे
- दर श्वासाला कण्हणे, नाकपुड्या फुलणे
- नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध पिणे, किंवा दूध अजिबात न ओढणे
- बराच वेळ लघवी न होणे
- ओठ, जीभ निळसर किंवा राखाडी पडणे
- श्वास मध्येच थांबणे
- बाळ मलूल होणे, जागे करूनही नीट जागे न होणे
- दोन महिन्यांखालील बाळाला ताप येणे किंवा अंग थंड पडणे

दवाखान्यात जाताना बाळाला उभे धरावे आणि त्याचे तोंड कापडाने झाकू नये. राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि वाहतूक देण्याची तरतूद जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. खर्चाच्या धास्तीने कोणी थांबू नये, यासाठीच ती आहे.

विषाणूंची नावे येत राहतील. उद्या आणखी एखादे नवे नाव वाहिन्यांवर झळकेल आणि पुन्हा धावपळ होईल. तान्ह्या बाळाला मात्र आपल्याला होणारा त्रास बोलून दाखवता येत नाही. तो सांगतो त्याचा श्वास. तो एक मिनिट थांबून मोजणारे माणूस प्रत्येक घरात, आणि प्रत्येक कोपीतही, असायला हवे.